उदगीरहून बीदर एका दिवसात: किल्ला आधी की अष्टूर?

प्रश्न (बोरसुरी_डाळ)
येत्या रविवारी उदगीरहून गाडीनं बीदरला जायलोत. सहा माणसं आहेत, त्यात आईचे गुडघे दुखतात आणि दोन लेकरं शाळकरी. सकाळी सातला निघून रात्री जेवायला घरी यायचंय. यादी अशी: किल्ला, बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा, अष्टूरच्या बहमनी सुलतानांच्या कबरी, नानक झिरा, नरसिंह झिरा. एवढं बसेल का? क्रम कसा लावावा? बिदरीचं एखादं भांडंही घ्यायचंय, खरं-खोटं कसं ओळखायचं? जाणकारांनी सांगावं.

पठारावरचा
यादीतून नरसिंह झिरा आधी काढा. तिथं गुहेत छातीएवढ्या पाण्यातून साधारण तीनशे मीटर आत जावं लागतं, डोक्यावर वटवाघळं. गर्दी असली तर रांग, वर ओले कपडे बदलायचा वेळ. गुडघेदुखी आणि लहान लेकरं असताना तर नकोच. दर्शनच घ्यायचं असेल तर तेवढ्यासाठी वेगळा दिवस काढा.

अंतर साधारण ७० किलोमीटर आहे, नाष्टा घरी करून निघालात तर नऊच्या सुमाराला पोचाल. उदगीरकडून येताना शहरात शिरण्याआधी बरीदशाही (बहमनींनंतरची राजवट) कबरी लागतात. यातली अली बरीदची कबर (१५७७) चारही बाजूंनी उघडी आहे, भिंतींऐवजी नुसत्या कमानी. पाय मोकळे करायला वीस मिनिटं थांबा. बाहेरगावची माणसं हे टाळून सरळ किल्ल्याकडे पळतात, ते चूक.

मग किल्ला. इथं लोकांचा दिवस हमखास वाया जातो, कारण तटाच्या कडेनं सगळंच फिरू असं ठरवून निघतात आणि दुपारी बाराला दमून बसतात. तसं करू नका. शर्झा दरवाजा आणि गुंबद दरवाजातून आत या. रंगीन महाल, पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आणि सोळा खांब मशीद ही तिन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत, आईंना तेवढंच पुरे. रंगीन महालाला बहुतेक वेळा कुलूप असतं. बाहेरूनच फोटो काढून परत फिरू नका, संग्रहालयात जाऊन विचारा, माणूस येऊन उघडून देतो. आत काळ्या घोटीव दगडात शिंपल्याची नक्षी बसवलीय, लाकडी खांबांवर कोरीवकाम आहे. हे बरीदशाहीतलं काम, तर सोळा खांब त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची, १४२३-२४ ची. तख्त महाल थोडा लांब आहे. आई सावलीत बसतील तोवर बाकीच्यांनी जाऊन यावं.

लेकरांना खंदक दाखवा. आपल्याकडच्या किल्ल्यांचा दगड काळा, बीदर मात्र जांभ्याच्या पठारावर आहे. दक्षिणेकडचा तिपदरी खंदक हाच दगड खोदून काढलाय, मध्ये खडकाच्या भिंती तशाच सोडून. जांभा ताजा असताना बऱ्यापैकी मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो, म्हणून एवढं खोदकाम जमलं.

दुपारी नानक झिरा गुरुद्वारात लंगर. डोकं झाकायला रुमाल-ओढणी जवळ ठेवा. त्यानंतर मदरसा, चौबारा (गावातला जुना गोल मनोरा), आणि शेवटी तीन किलोमीटरवरचं अष्टूर, सूर्यास्ताला.

मांजराकाठ
बाकी क्रम बरोबर, पण अष्टूर सूर्यास्ताला ठेवू नका. फोटो चांगले येतील, पण ज्यासाठी जायचं तेच दिसणार नाही. अहमदशाह वलीच्या कबरीत घुमटाच्या आतून सोनेरी-शेंदरी रंगकाम आणि सुलेखन आहे. आत अंधार असतो. रखवालदार बरेचदा दाराशी आरसा धरून उन्हाचा कवडसा वर फिरवतो, तेव्हा कुठं अक्षरं उजळतात. ऊन दारापर्यंत येत नसेल तर आरसा काय कामाचा? मोबाईलची बॅटरी घुमटापर्यंत धड पोचत नाही, आणि फ्लॅश तर मारूच नये, रंग जुने आहेत.

म्हणजे लंगर आटोपलं की थेट अष्टूर. वाटेत चौखंडी, म्हणजे सूफी खलीलुल्लाहची कबर, लागते. थोड्या पायऱ्या आहेत, आईंनी गाडीत थांबलं तरी चालेल. अष्टूरला हुमायूनची (तोच ‘जालीम’, १४५८ ते १४६१) कबर अर्धी कोसळलेली आहे, वीज पडून. तिच्यामुळं एक फायदा झालाय: घुमटाची जाडी आणि आतलं बांधकाम कापून ठेवल्यागत दिसतं. इंजिनियरिंगची पोरं सोबत असतील तर ती तिथून हलणार नाहीत.

मदरसा परत येताना बघा, तो उजेडावर तितका अवलंबून नाही. १४७२ ची तीन मजली इमारत. उरलेल्या एका मिनारावर नागमोडी पट्ट्यांच्या रंगीत फरशा अजून दिसतात. १६९६ मध्ये तिथं साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि पुढचा भाग, दुसऱ्या मिनारासकट, गेला. ज्यानं बांधला त्या गवानाला सुलतानानं १४८१ मध्येच मारलं होतं.

नवसागर
बिदरीबद्दल. धातू म्हणजे जस्त आणि थोडं तांबं, ढोबळ मानानं सोळाला एक. वाळूच्या साच्यात ओतून कानशीनं घासतात. मग मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) पाणी लावून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे सुईनं काढलेली नक्षी पांढरी उठून दिसते. छिन्नीनं खाच पाडून त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि परत घासतात. शेवटी वस्तू जराशी तापवून किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर (अमोनियम क्लोराईड) यांचा लेप चोळतात. जस्ताचा भाग काळाकुट्ट होतो, चांदीला काही होत नाही.

ओळख यातूनच निघते. हातात वजन जाणवलं पाहिजे. हलकं लागलं तर ॲल्युमिनियमवर रंग मारलाय. तळाच्या काठाला किंवा आतल्या कोपऱ्यात नखानं खरवडा, रंगाचा पापुद्रा निघाला की ठेवून द्या. चांदीची रेघ हाताला सपाट लागते. रेघ वर उठलेली असेल तर ती छापलेली किंवा चिकटवलेली. चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत कारागिरांकडूनच घ्या आणि तार कुठली, पत्रा कुठला ते विचारा. भाव बहुतेक चांदी किती आणि हाताचं काम किती यावरच ठरतो, आकारावर नाही. लहान डबी मोठ्या फुलदाणीपेक्षा महाग निघाली तर दचकू नका.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, भांड्याची पावडर काहीही लावायचं नाही. आंबटानं जस्त खाल्लं जातं आणि काळेपणा उतरतो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, काळा भाग फिका वाटला की खोबरेल तेलाचं बोट फिरवा, जास्तीचं पुसून टाका. आणि त्यात पाणी घालून फुलं ठेवू नका.

बोरसुरी_डाळ
नरसिंह झिरा काढला, अष्टूर दुपारी. ऐनवेळी गाडी जमली नाही तर एसटीनं जावं का?

मांजराकाठ
जा की. पण एसटीतली महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढचं तिकीट पूर्ण. कर्नाटकच्या गाडीत बायकांना मोफत असतं ते फक्त तिथल्या रहिवाशांना, तेव्हा कंडक्टरशी वाद घालू नका. बीदरला उतरल्यावर गुरुद्वारा, अष्टूर, मदरसा अशी रिक्षा एकदाच ठरवा आणि ‘थांबून परत’ असं आधीच बोलून घ्या, नाहीतर अष्टूरहून परतीला रिक्षा शोधत बसावं लागतं. मराठी चालते, दखनी त्याहून बरी.