संत्र्याच्या कलमांच्या जाहिरातीला इंटरेस्ट शोधायचं टूल लागतं का? माझं मत: लागतं

शेंदुरजना_कलमं
फेसबुकवर कलमांची किंवा ठिबकची जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवायला लोकांच्या आवडीच्या विषयांची नावं, म्हणजे 'इंटरेस्ट', निवडता येतात. जाहिरात लावताना बहुतेक जण ॲड्स मॅनेजरमध्ये (जाहिराती लावायच्या पानावर) 'ॲग्रिकल्चर' टाकतात, वर आलेली दोन-चार नावं निवडतात आणि मोकळे होतात. तिथं दिसणारी यादी आखूड असते. मेटाच्या (फेसबुकच्या कंपनीच्या) मार्केटिंग एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामना थेट माहिती देणाऱ्या सोयीतून, शोधलं तर ती बरीच लांब मिळते, आणि बाजारातली बहुतेक टूलं मागून हेच करतात.

ग्राफ एपीआय एक्सप्लोरर (असा शोध करून पाहायचं मेटाचं पान) उघडा, शोधाचा प्रकार 'ॲडइंटरेस्ट' ठेवा, शब्द द्या, लिमिट वाढवा. प्रत्येक नावासोबत आयडी, ऑडियन्सचा (जाहिरात पोचू शकेल अशा लोकांचा) खालचा-वरचा आकडा आणि ते नाव कोणत्या वर्गात बसतं ते येतं. कामाचं नाव सापडलं की तेच 'ॲडइंटरेस्टसजेशन' या शोधप्रकाराला द्या, शेजारची नावं निघतात. शोध इंग्रजी नावानं करा: ड्रिप इरिगेशन, सिट्रस, हॉर्टिकल्चर, ट्रॅक्टर.

वर्ग वाचल्याशिवाय नाव उचलू नका. 'ऑरेंज' म्हणजे फळही, रंगही आणि फ्रान्सची टेलिकॉम कंपनीही. 'कॉटन' घेतलं तर साड्या-कुर्त्यांचं गिऱ्हाईक येतं, पऱ्हाटीवाला (कापूस पिकवणारा) नाही.

वणीकर
भाऊ, साफ असहमत. टूलमध्ये दिसणारा आकडा जगभराचा असतो. लाखांचा आकडा पाहून नाव घेतलं आणि वरुड तालुका लावला की उरतात मूठभर. खरा अंदाज लोकेशन टाकल्यावर ॲड्स मॅनेजरमध्येच दिसतो.

दुसरं, ॲडव्हांटेज प्लस ऑडियन्समध्ये (सिस्टीमनं स्वतः माणसं शोधायच्या पर्यायात) इंटरेस्ट ही नुसती सूचना असते. लोकेशन आणि किमान वय सिस्टीम पाळते, इंटरेस्टच्या बाहेर ती जाते. मग दोन-दोन तास नावं कशाला धुंडाळायची?

आणि आपल्या गावातला फोन कोणाचा असतो ते पाहा. बऱ्याच घरी इंटरनेटचा फोन पोराच्या हाती असतो. तो पाहतो क्रिकेट आणि रील्स, तेच त्याचे इंटरेस्ट. कलमं घेणार बाप. 'सिट्रस' लावून तुम्ही त्या घरालाच वगळता.

त्यापेक्षा पिन नीट टाका. १ ते ८० किमी त्रिज्या देता येते. वरुडवर पिन ठेवून ४० किमी घेतले तर मोर्शी येतं, तसं मध्य प्रदेशातलं पांढुर्णा आणि मुलताईही येतं. तिकडे कलमं पाठवत असाल तर उत्तम, नाहीतर ते भाग वगळा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडू नका. ते सेटिंग ॲपची भाषा पाहतं, आणि मराठी माणसाच्या फोनमध्येही ॲप इंग्रजीत नाहीतर हिंदीत असतं.

शेंदुरजना_कलमं
एका तालुक्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण ठिबकचा डीलर विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत माल देत असेल तर नुसत्या लोकेशननं नागपूर-अमरावती शहरातले नोकरदारच जास्त सापडतील. तिथं इंटरेस्ट लागतोच. एकाच चौकटीत पाच नावं टाकली तर त्यातलं कोणतंही एक जुळलं तरी माणूस आत येतो, एवढं लक्षात ठेवा. 'आणखी अरुंद करा' दाबून दुसऱ्या चौकटीत नाव टाकलं तरच दोन्ही अटी लागतात: आधी शेती, मग ड्रिप इरिगेशन.

दारव्हा_डिजिटल
वाद चालू द्या, पण टोकन, म्हणजे एपीआय वापरायला लागणारी तुमच्या खात्याची किल्ली, सांभाळा. फुकटच्या टूलवर ॲक्सेस टोकन चिकटवायचं नाही. त्यात जाहिराती चालवायची परवानगी असेल तर ज्याच्या हाती ते लागलं तो तुमच्या खात्यातून खर्च करू शकतो. शोधापुरतं लागेल तेवढीच परवानगी द्या. एक्सप्लोररचं टोकन तास-दोन तासांत संपतं. शोध अचानक एरर देऊ लागला तर आधी तेच पाहा.

इंटरेस्टच्या जुन्या एक्सेल याद्याही वापरू नका. मेटानं १९ जानेवारी २०२२ पासून आरोग्य, धर्म, राजकारण अशा विषयांची बरीच नावं काढली, नंतरही छाटणी झाली. 'ॲडइंटरेस्टव्हॅलिड' या शोधप्रकाराला नावं दिली की कोणती जिवंत आहेत ते कळतं.

मोर्शी_बहार
मी वणीकरांच्या बाजूनं, कारण हिशोब. लर्निंग फेज (जाहिरात कोणाला दाखवायची हे सिस्टीम शिकते तो काळ) संपायला एका ॲड सेटला (एकाच ऑडियन्सच्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० रिझल्ट, इथं चौकशा, लागतात. रोजचे ३०० रुपये म्हणजे आठवड्याचे २१००. एक चौकशी ६० रुपयांना पडली असं धरा, झाल्या ३५. एकाच सेटला पुरत नाहीत, आणि टूलमधून १२ नावं काढून तुम्ही चार सेट करता! प्रत्येकाच्या वाट्याला ८-९ चौकशा. त्यातून कोणतं नाव चाललं हे कोण सांगणार?

तोच वेळ फोटोला द्या. कलम जमिनीपासून साधारण २५ सेंमी वर बांधलेलं दिसू द्या, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा ते लिहा. डिंक्यानं (खोडातून डिंक गळायच्या रोगानं) बाग गमावलेला माणूस आधी हेच पाहतो, आणि न पाहणारा आपोआप पुढे जातो. शेतकरी निवडायचं काम तो फोटो करतो.

शेंदुरजना_कलमं
चार सेट करा असं मी म्हटलंच नाही. दोन करा: एक नुसत्या लोकेशनचा, दुसरा त्याच लोकेशनवर इंटरेस्टचा, आणि दोन्ही ॲडव्हांटेज प्लसऐवजी मूळ ऑडियन्स पर्यायातून. तिथंही काही उद्दिष्टांना सिस्टीम इंटरेस्टबाहेर जातेच, म्हणून फरक अंदाजानं ठरवू नका. ए-बी टेस्ट (दोन सेटची माणसं वेगळी ठेवून तुलना) लावा, म्हणजे एकच माणूस दोन्हीकडे मोजला जात नाही. फोटो, मजकूर, बजेट सारखं. सात दिवस हात लावायचा नाही, मोठा बदल केला की लर्निंग पहिल्यापासून सुरू होतं.

वणीकर
चालेल. पण व्हॉट्सॲपवर नुसतं 'हाय' आलेलं मोजू नका. ज्यानं भाव, खुंट किंवा गाडीभाडं विचारलं तेवढेच धरा, आणि प्रत्येकाचं गाव लिहून ठेवा.