ओस्त्रावाच्या बायका
युरोपातल्या रोमा (जिप्सी) समाजाबद्दल म्हणतात, "रोमा मुली शिकल्या की बाकीचं आपोआप होईल." हे मत मला अर्धंच पटतं. चेकियातल्या (चेक प्रजासत्ताक) ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना सर्रास मतिमंदांसाठीच्या विशेष शाळेत घालत. अशा 18 मुलांच्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं 2007 साली तो भेदभाव ठरवला.

आणि प्रश्न फक्त शाळेचा नव्हता. त्याच शहरातल्या रोमा बाई, एलेना गोरोलोवा. 1990 मध्ये दुसऱ्या बाळंतपणाच्या कळा सुरू असताना त्यांच्यापुढे कागद धरला, त्यांनी सही केली. नसबंदी झाल्याचं नंतर कळलं. मग त्यांच्यासारख्याच बायका एकत्र आल्या, लाजेनं गप्प बसलेल्या बोलू लागल्या. 2021 मध्ये अशा नसबंदीच्या भरपाईचा कायदा झाला, प्रत्येकीला 3 लाख कोरुना (चेक चलन). तोवर काहीजणी वारल्याही होत्या, याचं फार वाईट वाटतं.