धारवाडचा वेढा (१७९०-९१): भुईकोट (सपाटीवरचा किल्ला) घ्यायला सात महिने का लागले? (भुईकोट, दमदमा आणि खंदकी ही बोलणाऱ्या तिघांची नावे.)

भुईकोट:
धारवाडला ना डोंगर, ना कडा. टिपूविरुद्ध मराठे आणि इंग्रज एकत्र लढत होते. बाहेर मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांची मोठी फौज आणि कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी. आत टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमाखान. तरी सप्टेंबर १७९० मध्ये बसलेला वेढा एप्रिल १७९१ उजाडेपर्यंत उठला नाही. तोफा कमी पडल्या, की नीट चालवल्या नाहीत?

दमदमा:
चालवण्यातच खोट होती. लिटलच्या तुकडीतल्या एका अधिकाऱ्याने मोर्चातला (तोफा मांडलेल्या जागेतला) दिनक्रम लिहून ठेवलाय. तोफ ठासायची, मग सगळ्यांनी अर्धा तास गप्पा मारत धूम्रपान करायचे, मग बत्ती. गोळ्याने भरपूर धुरळा उडाला की समाधान! दुपारी एक ते तीन दोन्हीकडच्या तोफा जवळजवळ बंदच. संध्याकाळी तोफा ओढून छावणीत परत. रात्र मोकळी मिळाली की आतली शिबंदी (किल्ल्यातले सैनिक) दिवसभरात पडलेला भाग पुन्हा भरून काढायची.

त्यात तट मातीचा. मातीत गोळा रुतून बसतो, दगडी तटासारखे चिरे निखळत नाहीत. अशा तटाला खिंडार पाडायचे तर एकाच जागी, खालच्या अंगाला, न थांबता मारा हवा. बूड पोखरले की वरचा भार आपोआप खाली येतो, आणि त्याच ढिगाऱ्याचा उतार चढणाऱ्यांच्या कामी येतो. माथ्यावर कितीही गोळे घातले तरी वाट होत नाही.

खंदकी:
खंदक विसरू नका. दुहेरी होता, सुमारे २५ ते ३० फूट रुंद. खिंडार पडले तरी खंदक बुजवल्याशिवाय माणूस तटापर्यंत पोचत नाही. इंग्रजांचा कर्नल फ्रेडरिक कुमक घेऊन आल्यावर ७ फेब्रुवारी १७९१ ला हल्ला झाला. खंदकात फांद्यांचे भारे टाकले, ते आतल्यांनी पेटवून दिले, आणि हल्ला तिथेच फसला. असे भारे ओल्या लाकडाचे हवेत, वर लगेच मातीचा थर हवा. सुके भारे म्हणजे शत्रूच्या हाती आयते सरपण. फ्रेडरिक मार्चमध्ये वारला.

तोफांच्या दारूची रडही होतीच. ती पुण्याहून वेळेवर येईना, त्यामुळे मारा सलग ठेवणे आणखी अवघड.

भुईकोट:
मग किल्ला शेवटी पडला कशाने?

दमदमा:
नाकेबंदीने, आणि बाहेरून कुमक येण्याची आशा संपल्याने. २१ मार्चला इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतले. टिपू तिकडे गुंतलेला, तो धारवाडला कुठून येणार? खानाने शस्त्रांसह बाहेर पडण्याच्या अटीवर किल्ला सोडला. पुढे वाटेत तंटा होऊन मराठ्यांनी त्याच्या लोकांवर हल्ला केला आणि तो कैद झाला. कौल (अभयाचे वचन) दिल्यावर असे घडणे वाईटच. सुलतानढव्याने (थेट हल्ला चढवून) किल्ला घेतला असे काही ठिकाणी वाचायला मिळते, ते बरोबर नाही.

खंदकी:
भाऊंची फौज धारवाडला अडकून पडली, आणि या विलंबाची किंमत टिपूच्या राजधानीपाशी, श्रीरंगपट्टणला मोजावी लागली. १५ मे १७९१ ला अरिकेऱ्याची लढाई जिंकूनही कॉर्नवॉलिसकडे दाणा-वैरण उरली नव्हती, बैल मरत होते. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून तो माघारी वळला. त्यानंतर थोड्याच दिवसांत परशुरामभाऊ आणि दुसरे मराठा सरदार हरिपंत फडके यांच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या. त्या जवळ आल्याची खबरसुद्धा त्याला नव्हती. टिपूच्या घोडदळाने जासूद पोचूच दिले नव्हते.