विषय: घरी जोडलेल्या कॉम्प्युटरची स्क्रीन मधेच काळी पडते

नमस्कार मंडळी,
हार्डवेअरमधलं कोणी जाणकार आहे का इथे? लेकाने उन्हाळ्यातल्या कामाचे पैसे साठवून सुटे पार्ट मागवले आणि कॉम्प्युटर स्वतः जोडला. उत्तम चालला होता. कॅलगरीची थंडी सुरू झाली आणि स्क्रीन मधेच काळी पडायला लागली. दोन-तीन सेकंदांत आपली आपण परत येते. मॉनिटर २७ इंची, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं), डिस्प्लेपोर्ट केबलवर. लेक म्हणतो ग्राफिक्स कार्ड गेलं, वॉरंटीत परत पाठवू. पाठवायला ना नाही, पण कार्ड येईपर्यंत हा मुलगा दिवसभर माझ्या डोक्याशी.
— म. (नॉर्थवेस्ट)

वहिनी,
मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला तर नाही ना लावली? घरी जोडणारे हमखास तिथेच फसतात. नाहीतर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुसून नवा टाका.
— सु.

सु., तसं असतं तर उन्हाळाभर १४४ हर्ट्झवर खेळ कुठून चालले असते? शिवाय ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्सच नसतं; तिथे मदरबोर्डावर केबल लावली तर पहिल्या दिवसापासून काहीच दिसत नाही. इथे चित्र येतंय आणि जातंय. दुखणं वेगळं आहे.

वहिनी, कार्ड काढायच्या आधी तीन गोष्टी बघून सांगा. स्क्रीन काळी असताना आवाज चालू राहतो का? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला ४१०१ नंबरची नोंद पडते का? (ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून परत उभा राहिला की ती पडते.) आणि तिसरं, नेमकं काय करताना होतं?
— वि. काका

काका,
आवाज चालू राहतो, मित्रांची आरडाओरड अखंड ऐकू येते. ४१०१ कुठेही नाही. आणि होतं केव्हा, तर हा खुर्चीतून उठतो तेव्हा! सांगताना लेक स्वतःच हसत होता.
— म.

हसू नका त्याला, निदान त्यानेच केलंय. कार्डाला हात लावू नका.

आवाज चालू आणि ४१०१ नाही, म्हणजे कार्ड आणि ड्रायव्हर दोघं जागे आहेत. तुटतोय तो फक्त केबलवरचा संवाद. बाहेर उणे २५, आत फर्नेस (घर तापवणारी भट्टी). घरातली हवा ठणठणीत कोरडी होते आणि कार्पेटवर माणूस उठला-बसला की स्थिर विद्युत साठते. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीत धातूचे भाग एकमेकांजवळ असतात. त्यांच्यात बारीकशी ठिणगी उडाली तरी विद्युतचुंबकीय झटका बसतो आणि शेजारची केबल तो अँटेनासारखा पकडते. मॉनिटरचा सिग्नल तुटतो, मग कार्ड आणि मॉनिटर पुन्हा जुळवून घेतात. तुमचे ते दोन-तीन सेकंद.

१४४ हर्ट्झला हे जास्त का? २५६० बाय १४४० चं रिझोल्यूशन असेल तर नुसत्या चित्राचाच डेटा सेकंदाला जवळपास १३ गिगाबिट. ६० हर्ट्झला सव्वापाच. वेग कमी, तेवढी केबलला सवड. म्हणून आधी ६० वर लावून त्याला उठ-बस करायला सांगा.
— वि. काका

काका, खुर्चीमुळे स्क्रीन जाते? आता वास्तुशास्त्राचा धागा वेगळा काढायचा का? 🙂
— सु.

काढ की. पण पडताळा फुकटात होतो. खुर्ची दोन मीटर लांब नेऊन उठ-बस करायची. स्क्रीन जात नसेल तर दोष कोणाचा ते तूच सांग.
— वि. काका

मंडळी,
६० वर एकदाही गेली नाही. १४४ वर खुर्ची लांब नेली तरी नाही. जवळ आणली की गेलीच. केबल खोक्यातली नव्हे, लेकाने ऑनलाइन स्वस्तात घेतलेली, लांबलचक, आणि उरलेलं वेटोळं नेमकं खुर्चीच्या पायाशी. आता कोणती घेऊ?
— म.

व्हेसा (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) प्रमाणित, लागेल तेवढीच लांब, आणि ती टेबलाच्या मागून न्या. स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींत आणखी एक खोड असते: २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली. मग मॉनिटरचे ३.३ व्होल्ट उलटे कार्डात शिरतात आणि कधीकधी कॉम्प्युटर सुरूच होत नाही. प्रमाणित केबलीत ती पिन आरपार जोडलेली नसते. जुनी केबल देणगीच्या खोक्यात टाकू नका, दुसऱ्याच्या घरी तीच पीडा.

ह्युमिडिफायर लावलात तर बेताने. उणे २५ ला आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपासच ठेवा, नाहीतर खिडक्यांवर आतून बर्फ धरतो आणि चौकटी कुजतात.
— वि. काका