भिंतीवर चालणारी राखाडी पिशवी, ही नक्की काय आहे?

माहीमची_आई:
आमचं घर तळमजल्यावर, पाऊस सुरू झाला की बाथरूमजवळच्या भिंतीला ओल येते आणि तिथे भोपळ्याच्या बीसारखं राखाडी चपटं काहीतरी चिकटलेलं दिसतं. इतकी वर्षं मला प्लास्टरचा पोपडाच वाटायचा, काल जवळून बघितलं तर टोकातून बारीक तपकिरी डोकं बाहेर आलं आणि अख्खी पिशवी ओढत वर सरकलं. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, चावतं का हे? पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू?

किडामुंगी:
ताई घाबरू नका, चावत नाही. ही एका छोट्या पतंगाची अळी आहे, फेरिओइका म्हणतात, लोकरीला कसर लागते ना, त्याच कुळातली. ती पिशवी तिने स्वतः विणलेली असते, आत रेशीम आणि बाहेरून वाळूचे कण, धूळ, केस, जे मिळेल ते. दोन्ही टोकं उघडी आणि मधे फुगीर, म्हणजे तिला आतल्या आत वळून कुठल्याही बाजूने डोकं काढता येतं. अळी वाढते तशी पिशवीही वाढवत नेते, शेवटी साधारण १ सेंटीमीटरच्या आसपास. मादी एकेक करून २०० पर्यंत अंडी घालते, फटींमधे आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात, ती दहाएक दिवसांनी फुटतात. अळी ६-७ वेळा कात टाकते, त्याला जवळपास ५० दिवस जातात, मग भिंतीवर चढून पिशवी चिकटवते आणि आतच कोष करते. दोनेक आठवड्यांनी लहानसा करडा पतंग बाहेर पडतो, आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही.

परळकर_७१:
आमच्याकडे पण दर पावसाळ्यात. औषध मारून महिन्याभरात परत यायच्या, मग कळलं की कोळ्याची जुनी जाळी हे हिचं आवडतं खाणं, शिवाय केस आणि लोकर. तेव्हापासून दर आठवड्याला जळमटं काढतो, कपाटामागे, टाकीखाली, फ्रीजच्या मागे पण, आणि दिसलेल्या पिशव्या झाडूने भरून टाकतो. हिला दमट हवा लागते म्हणून ओलीचं बघाच, गळती काढल्याशिवाय नुसता रंग मारू नका. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, लहान मुलांना त्या घातक असतात.

माहीमची_आई:
खूप आभार दोघांचे! आत्ता वॉशिंग मशीन पुढे ओढून बघितलं, मागे हातभर जळमट आणि त्यात अकरा पिशव्या, त्यातल्या दोन तर तांदळाच्या दाण्याहून बारीक.