शब्दचर्चा : ‘टेल-टेल’ला मराठीत काय म्हणावं?

दहाअकराचा पाना
इंग्लंडमध्ये घरीच गाडी जोडतोय. इंजिन-गिअरबॉक्स एका जुन्या गाडीचं, चॅसिस आणि बॉडी किटमधली. अशी घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते. वायरिंग बाबा आणि मी करतोय, म्हणजे ते नाशिकहून व्हिडिओवर सांगतात आणि मी वायरी सोलतो. त्यांचं आयुष्य मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलं, इंग्रजी वाचायचा कंटाळा. म्हणून डॅशबोर्डवरच्या दिव्यांची यादी मराठीत करायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. नियमावलीत या दिव्यांना ‘टेल-टेल’ म्हटलंय.

‘इशारादिवा’ लिहिलं. बाबा म्हणाले, “हेडलाइट अपरवर आहे यात इशारा कसला? ती नुसती बातमी झाली.” ‘इंडिकेटर’ लिहावं तर आपल्याकडे तो वळायचा दिवा. त्यातून नियमांच्या भाषेत इंडिकेटर म्हणजे पेट्रोल किंवा तापमान दाखवणारा काटा. सुचवा काहीतरी.

चिंचोके
चहाडखोर. चर्चा संपली.

ओसरी
चिंचोके, थट्टेत बरोबर बोललात. इंग्रजीत टेल-टेल म्हणजे आधी चहाडी करणारा माणूसच. जहाजावर कप्तानाच्या बिछान्यावर छताला उलटं होकायंत्र टांगायचे, त्याचंही नाव हेच. सुकाणूवरचा गडी जहाज भलतीकडे नेतोय का, हे कप्तानाला पडल्या पडल्या कळायचं. म्हणजे जो प्रत्यक्ष दिसत नाही त्याची खबर देणारा. डॅशवरचा दिवा तेच करतो. मागचा फॉगलॅम्प तुम्हाला सीटवरून कुठे दिसतो?

मराठीत ‘सूचक’ घ्या. आज हा शब्द सभ्य झालाय, ‘सूचक-अनुमोदक’ म्हणून सभेच्या इतिवृत्तात बसतो. पण अमरकोशात तो ‘कर्णेजप’ म्हणजे कानाशी लागणारा याचा जोडीदार आहे, आणि त्याच ओळीत पुढे पिशुन, दुर्जन, खल ही मंडळी आहेत! दाखवणारा आणि चहाडी करणारा, दोन्ही अर्थ एका शब्दात. टेल-टेलचा इतका जुळा भाऊ शोधूनही सापडणार नाही.

साताऱ्याचे नाना
ताई, शब्द झकास, पण गॅरेजात चालणार नाही. आमच्याकडे ‘ऑइलचा लाईट’, ‘बॅटरीचा लाईट’. गिऱ्हाईक येऊन सांगतं, “नाना, लाईट आलाय.” यातली गंमत बघा. वीज असली की ‘लाईट आली’, डॅशवर पेटला की ‘लाईट आला’. लिंगावरून आम्हाला महावितरण आणि इंजिन वेगळं कळतं.

आणि पोरा, यादी करताना एक जप. आपल्याकडे चारही इंडिकेटर एकदम लावले की लोक ‘पार्किंग लाईट’ म्हणतात. तो हॅझर्ड, म्हणजे धोक्याचा इशारा. खरा पार्किंग वेगळा. वडलांनी त्या नावावरून वायर दिली तर घोटाळा होईल.

दहाअकराचा पाना
झालाच होता नाना! हॅझर्डचा लाल दिवा पार्किंगच्या स्विचला गेला होता. रंगही ठरलेले आहेत: अपरला निळा, वळायच्या दिव्यांना हिरवा, मागच्या फॉगला पिवळा, ब्रेकला लाल. ब्रेकच्या दिव्याचं तर असं की तो स्वतः जिवंत आहे की नाही, हेही चालकाला सीटवरून तपासता आलं पाहिजे.

ओसरीताई, ‘सूचकदिवा’ लिहू का मग? पण पुढे अजून एक पाचर आहे. गाडीच्या दिव्यांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४८ मध्ये टेल-टेल दोन जातींचे आहेत. एक ‘क्लोज्ड-सर्किट’, तो फक्त सांगतो की स्विच चालू केलाय. दुसरा ‘ऑपरेटिंग’, तो सांगतो की पलीकडचा दिवा नीट चालतोय की नाही. अपरला पहिला पुरतो, म्हणजे हेडलाइटचा बल्ब गेला तरी डॅशवर निळा खुशाल पेटलेला! वळायच्या दिव्यांना मात्र दुसराच लागतो. एखादा बल्ब गेला की डॅशवरचा हिरवा विझला पाहिजे, न लुकलुकता पेटून राहिला पाहिजे, नाहीतर त्याचा वेग चांगला जाणवेल इतका बदलला पाहिजे.

बाबांना मी दोन्हीकडे ‘चालू आहे’ असंच लिहून दिलं होतं. ते विचारतात, “बटण चालू की बल्ब चालू?”

ओसरी
तुमच्या बाबांनी नेमकं बोट ठेवलं. मराठीतलं ‘चालू’ फार सैल आहे. दुकान चालू, नळ चालू, माणूसही चालू. इथे ‘लावलंय’ आणि ‘चालतंय’ अशी दोन क्रियापदं वेगळी ठेवा. नामच हवं असेल तर पहिल्याला कळसूचक आणि दुसऱ्याला कार्यसूचक. कळ म्हणजे बटण, जुना शब्द आहे.

‘सूचकदिवा’ मात्र नको. त्याच नियमात वळायच्या दिव्यांचा टेल-टेल नुसता आवाजाचाही चालतो ना? मग वळायचे दिवे लुकलुकवणाऱ्या रिलेची टिकटिक हाही टेल-टेलच. तिला दिवा कसं म्हणणार? नुसतं सूचक ठेवा.

चिंचोके
कळसूचक म्हणजे डोकेदुखीचा दिवा. पोटात कळ आली की पेटणारा.

साताऱ्याचे नाना
टिकटिकीचं ताईंनी बरोबर पकडलं. एका बाजूचा बल्ब गेला की टिकटिक घाईला येते, आमची पोरं त्यावरूनच ओळखतात. एलईडी बसवणार असशील तर रिले एलईडीचाच घे. जुन्या रिलेला करंट कमी मिळाला की त्याला वाटतं बल्ब गेला, मग सगळे बल्ब धड असतानाही टिकटिक पळत सुटते. तुझा कार्यसूचक खोटी चहाडी करेल.

दहाअकराचा पाना
रिले आजच मागवला. बाबांना ‘कार्यसूचक’ पटला. ‘कळसूचक’ वाचून हसले आणि खोडून वहीत ‘बटणाचा साक्षीदार’ लिहिलं. ब्रेकच्या लाल दिव्यापुढे अजून रिकामीच जागा आहे, तिथे म्हणे ‘इशारा’च ठेव.

ओसरी
ठेवा. तो खराच इशारा आहे.