'पेटंट डक्टस' : भोक म्हणायचं की अजून न मिटलेली वाट?

प्रश्न : भाचीला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर 'पेटंट डक्टस आर्टेरिओसस, पेटंट फोरामेन ओव्हेल' असं लिहून आलं. कुणीतरी 'हृदयाला भोक आहे' म्हणालं आणि घरात रडारड झाली. पेटंट म्हणजे स्वामित्वहक्क एवढंच मला ठाऊक. इथे अर्थ काय? मराठीत काय म्हणावं?

उत्तर : मूळ लॅटिन अर्थ 'उघडं असलेलं'. राजाने सर्वांना वाचता येईल असं दिलेलं उघडं पत्र ते 'लेटर्स पेटंट'. हक्काचा अर्थ तिथून आला. डॉक्टरांनी जुनाच अर्थ ठेवलाय.

पोटात बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात, प्राणवायू मिळतो वारेतून, नाळेवाटे. म्हणून रक्ताला फुप्फुसं टाळून जायला दोन आडवाटा असतात. पहिली हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, म्हणजे अलिंदांमधल्या पडद्यात, तीच फोरामेन ओव्हेल; तिला स्वतःची झडप असते. दुसरी फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी वाहिनी, तीच डक्टस. बाळ ट्यांहां करतं, फुप्फुसांत हवा शिरते, तिथे रक्ताला वाट मोकळी होते. ते रक्त डाव्या अलिंदात आलं की तिथला दाब वाढतो आणि झडप पडद्यावर दाबली जाते. रक्तात प्राणवायू वाढतो, डक्टस उघडी ठेवणारं, वारेकडून येणारं प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य थांबतं, आणि डक्टस आक्रसते. पूर्ण दिवसांच्या बाळात याला बहुधा 2-3 दिवस लागतात. म्हणजे तुमचा इको वाट मिटत असतानाच काढलेला आहे! झडप कायमची चिकटायला महिने जातात. साधारण चारांतल्या एका मोठ्या माणसात ती पूर्ण चिकटलेलीच नसते, आणि बहुतेकांना त्याचा त्रासही नसतो.

प्रश्न : पण फोरामेन म्हणजे छिद्रच ना?

उत्तर : शब्दार्थ तोच. तरी पडदा नीट न बनल्याने राहिलेलं भोक वेगळं, आणि जन्मापर्यंत लागणारी, नंतर मिटणारी वाट वेगळी. बाळाची टाळू मऊ लागते तेव्हा 'डोक्याला भोक आहे' म्हणतो का आपण? 'टाळू भरायची आहे' म्हणतो. तसंच इथे 'वाहिनी अजून मिटलेली नाही' म्हणा. कागदावर 'उघडी राहिलेली धमनीवाहिनी' चालेल. कमी दिवसांच्या बाळांत ती जास्त वेळा उघडी राहते, कधी औषध द्यावं लागतं. त्यामुळे पुढची तपासणी चुकवू नका, आणि पिताना बाळाला धाप लागली किंवा घाम फुटला तर लगेच दाखवा.